एका दिवसाचा परवाना

हैदराबादेत, मलकपेठला रेसकोर्सच्या मागच्या गल्लीत राहणाऱ्या शिवराज बिरादारला मुलीच्या लग्नातून एकच गोष्ट हवी होती. थोरल्या भावानं पोटभर जेवावं. बाकीचं, म्हणजे जावई, व्याही, फुलं, फोटो आणि डोक्यावर भुणभुणणारा ड्रोन, ज्याला पाहिजे त्यानं घेऊन जावं.

मागणी वाटते तितकी साधी नव्हती. अकरा वर्षांत हिम्मतराव शिवराजच्या घरचं पाणीसुद्धा प्यायले नव्हते. भांडण म्हणावं तर तेही नाही. देगलूरकडच्या गावाहून ते वर्षातून दोनदा कोठीला डोळ्यांच्या डॉक्टरकडे यायचे, तिथून न चुकता मलकपेठला यायचे, पायरीशी चपला काढायचे, "काय शिवा, बरा हाईस का" म्हणायचे, पिशवीतून स्वतःची बाटली काढून स्वतःचं पाणी प्यायचे आणि उठायचे. शिवराजच्या बायकोनं, त्रिवेणीनं, पुढं ठेवलेला चहा तसाच साय धरून बसायचा. इतका थंड आणि शिस्तीचा अपमान फक्त सख्खा भाऊच करू शकतो. परक्याला एवढा वेळ नसतो.

कारण बाप. अंबाजी बिरादार जन्मभर प्यायले आणि शेवटी सुजलेलं पोट घेऊन उपचाराला हैदराबादला धाकट्याकडे आले. डॉक्टरांनी हात टेकल्यावर एका दुपारी म्हातारा म्हणाला, "शिवा, एक गिलास कल्लू आण." कल्लू म्हणजे ताडी. शिवराज आयुष्यात एकदाच त्या दुकानाची पायरी चढला आणि स्टीलच्या डब्यात ती घेऊन आला. म्हातारा प्याला, हसला, आणि तिसऱ्या दिवशी गेला. तेराव्याला हिम्मतरावांनी भरल्या भावकीत सांगितलं, "ह्यानं बापाला पाजून मारला. ह्याच्या घरचं पाणी मला नको."

तर असे हिम्मतराव पुतणीचं, तेजश्रीचं लग्न ठरल्याचं कळल्यावर फोनवर म्हणाले, "पोरीनं काय केलंय. तेजीच्या लग्नात जेवीन मी." शिवराज फोन ठेवून बाथरूममध्ये गेला आणि नळ सोडून रडला. मध्यमवर्गीय माणूस एरवी थेंबाथेंबाचा हिशेब विचारतो, पण रडताना बादली वाहू देतो. आवाज बाहेर जाता कामा नये.

पहिली माशी लगेच शिंकली. लग्न पुण्यात झालं, नोंदणी पद्धतीनं, दहा माणसांत. व्याही दिलीपराव आणि विहीणबाई सुजाताताई यांना साधेपणा आवडतो. साधेपणा हा ज्यांच्याकडे भरपूर आहे त्यांचा शौक आहे, पण ते असो. दहांत हिम्मतराव बसले नाहीत. शिवराजनं चाचरत फोन केला तेव्हा ते एवढंच म्हणाले, "मग हैदराबादेत जेवीन." म्हणजे सगळा भार येऊन पडला हैदराबादच्या रिसेप्शनवर, एका शनिवारच्या संध्याकाळवर.

आणि ते रिसेप्शन वाइनचं होतं.

तेजश्री आणि जावई सारंग, दोघंही गच्चीबावलीला कंप्युटरवर काम करतात. सारंगनं तिला मागणी घातली ती नाशिककडच्या एका द्राक्षमळ्यात, हातात वाइनचा गिलास धरून. म्हणून रिसेप्शनची थीम वाइन, असं दोघांनी घरी येऊन कळवलं. विचारलं नाही, कळवलं.

"बॅरल्स असतील पप्पा. द्राक्षांचे घड. प्रत्येक टेबलाला एका द्राक्षाचं नाव. सो क्लासी."

"आणि त्या बॅरलात काय?"

"बॅरल्स रिकामेच असतात. वाइन बाटलीत."

"आणि मोठेबाबा?"

"मोठेबाबांना कोण फोर्स करतंय? ते मॉकटेल घेतील."

"तेजू, आपल्या घरात त्या वस्तूपायी..."

"पप्पा, प्लीज. ती दारू नाही, वाइन आहे. सारंगचे बाबा तर हार्टसाठी घेतात."

शिवराजनं त्रिवेणीकडे पाहिलं. त्रिवेणी भेंडी पुसत होती. ती मान वर न करता म्हणाली, "पोरगी एकच हाय, भाऊ पण एकच. घ्या वाटून."

वाटून घेण्याचं काम अपर्णाकडे आलं. अपर्णा हा लग्नं सजवून देणाऱ्या कंपनीचा चेहरा होता. तिच्या टॅबवर सगळं होतं, फक्त जेवण नव्हतं.

"डिनर नाही अंकल. आजकाल डिनर कोणी करत नाही. हार्टी अॅपेटायझर्स ठेवू. वाइन ज्याला हवी त्याला, आणि ट्रे फिरत राहणार. मशरूम, चीज, लुखमी, छोट्या पावात मटण, बेबी पोटॅटो. चार तास माणूस खातच राहतो. पोट फुल."

"आणि भात?"

"भात वाइनबरोबर जात नाही अंकल."

"बसायचं कुठं?"

"बसायचं नाही. उंच टेबलं असतात, त्यावर गिलास ठेवायचा. लोक मिक्स होतात."

शिवराजनं तीस वर्षं सरकारी कचेरीत काढली होती. माणूस उभा राहून अर्ज करतो आणि बसून जेवतो, एवढं त्याला पक्कं ठाऊक होतं. त्यानं तिथंच टेबलावर हात आपटायला पाहिजे होता. आपटला नाही, कारण त्याचं सगळं डोकं बाटलीत अडकलं होतं. वाइन हिम्मतरावांच्या नजरेला पडू नये, बस्स. पुढच्या महिनाभरात त्या घरातली सगळी अक्कल बाटली लपवण्यावर खर्च झाली. ताटाचा विचार कुणी म्हणता कुणी केला नाही.

अक्कल पुरवायला शेजारी होतेच. वरच्या मजल्यावरचे प्रमोद डोंबिवलीचे, नोकरीनिमित्त वीस वर्षं हैदराबादेत, आणि आयुष्यात एकदा द्राक्षमळा बघून आलेले. तेवढ्या भांडवलावर ते वाइनवर दीड तास बोलू शकत.

"लपवायची कशाला बिरादार? हॉलच्या मध्ये जाड पडदा टाका. अलीकडे संस्कार, पलीकडे वाइन."

"आणि दादांनी विचारलं, पडद्यामागं काय आहे?"

"सांगा, फोटोवाल्याचं सामान."

"वास आला तर?"

"वाइनला वास नसतो, बुके असतो," प्रमोद म्हणाले. हे वाक्य त्यांनी कुठंतरी वाचलं असावं, कारण ते म्हणताना त्यांनी डोळे मिटले.

पडदा ठरला. अपर्णानं नाक मुरडून त्याचा रंगसुद्धा थीममध्ये बसवून दिला.

मग कार्डं. तेजश्रीनं इंग्रजीत एक कार्ड मोबाइलवरून पाठवलं, त्यावर बाटली आणि दोन गिलास. गावाकडं ते पाठवणं म्हणजे बापाचा फोटो फाडून पाठवणं. म्हणून शिवराज कोठीला एका जुन्या छापखान्यात गेला. तिथं मराठी लग्नपत्रिकेचा मजकूर तयारच असतो, फक्त नावं बदलतात. नावं बदलली. कच्चा कागद हातात आला तेव्हा शेवटच्या ओळीत छापलं होतं: 'स्वागत समारंभ व स्नेहभोजन, सायं. ७ ते १०'.

शिवराजचं बोट 'स्नेहभोजन' या शब्दावर थांबलं. तो काढायला सांगावा तर छापखानेवाला विचारणार, जेवण नाही का? आणि मुलीच्या लग्नात जेवण नाही हे वाक्य शिवराजच्या तोंडातून निघणं शक्य नव्हतं. शिवाय तीस वर्षांची सवय. कचेरीत जे कागदावर असतं ते असतंच, मग गावात असो वा नसो. कागदावर विहीर असली की ती खणलेली. तसं कार्डावर भोजन आहे म्हणजे कुठून तरी होईलच, असं काहीतरी त्याच्या मनानं घेतलं आणि त्यानं सही केली. तेजश्रीनं कार्ड पाहिलं, "सो क्यूट" म्हणाली आणि परत दिलं. तिला मराठी वाचायला वेळ लागतो. ती चार ओळींच्या पुढं गेली नव्हती.

डझनभर कार्डं गावाकडं गेली.

आता परवाना. समारंभात वाइन द्यायची तर एका दिवसाचा सरकारी परवाना लागतो, आणि तो यजमानाच्या नावानं निघतो. ज्या माणसानं तीस वर्षं खिडकीच्या आतून लोकांना "उद्या या" सांगितलं, तो आता खिडकीच्या बाहेर उभा राहिला. आतला कारकून तरुण होता आणि अतिशय सभ्य. तो तेलुगूत "रेपु रंडि" म्हणायचा, म्हणजे उद्या या, आणि म्हणताना हात जोडायचा. पहिल्या दिवशी हॉलवाल्याचं पत्र नव्हतं. दुसऱ्या दिवशी पत्र होतं, शिक्का नव्हता. तिसऱ्या दिवशी शिक्का होता, पण जागेचा नकाशा नव्हता. चौथ्या दिवशी साहेब नव्हते. पाचव्या दिवशी साहेब होते, तर मशीन बंद. शिवराजला राग आला नाही. आपल्या हाताखाली घडलेली पोरं बघावीत तशा नजरेनं तो त्या पोराकडं बघत राहिला.

सहाव्या दिवशी अर्ज भरून झाला. कारकुनानं विचारलं, "वडिलांचं नाव?"

शिवराज थांबला. "ते लिहायलाच पाहिजे?"

"बापाच्या नावाशिवाय कसं होईल साब? सरकारी कागद आहे."

"ते वारले."

"तो फिर कैलासवासी लगा देंगे. परेशान नक्को हो."

कागद छापून आला. शिवराज, वल्द कैलासवासी अंबाजी, यास अमुक दिवशी, अमुक ठिकाणी, पाहुण्यांस मद्य देण्यास परवानगी आहे. वर ठसठशीत मथळा, इंग्रजीत आणि तेलुगूत. आणि खाली सूचना, परवान्याची प्रत दर्शनी भागात, प्रवेशद्वाराशी लावावी.

शिवराजनं तो कागद दोनदा वाचला. बाप जिवंत असताना चोरून प्यायचा. मेल्यावर त्याचं नाव अखेर नियमात बसलं.

"दारात नाही लावला तर?"

"तो फंक्शन बंद," कारकून म्हणाला आणि हात जोडले.

प्रमोदनी धीर दिला. इंग्रजी आणि तेलुगू, गावच्या लोकांना काय कळतंय? शिवराजला ते पटलं. पटवून घेतलं म्हणणं जास्त खरं. देगलूरच्या बाजाराला निम्मा व्यापार, पावत्यांसकट, तेलुगूत चालतो आणि हिम्मतरावांनी चाळीस वर्षं तिथं मूग आणि सोयाबीन विकलं होतं, ही गोष्ट त्याला माहीत होती. पण माणसाला नको असलेली माहिती डोक्यात कुठंतरी खाली जाऊन बसते.

शनिवारी पुण्याकडचे आणि गच्चीबावलीकडचे पाहुणे साडेआठला यायला लागणार होते. गावचे पावणेसातला आले. कार्डावर सात होतं, म्हणजे पावणेसात. चार क्रूझर गाड्या हॉलच्या फाटकाशी उभ्या राहिल्या आणि त्यांतून बेचाळीस माणसं उतरली. स्वच्छ धोतरं, नवे फेटे, इरकली लुगडी, चिल्लीपिल्ली पोरं. सहा तासांचा प्रवास करून. वाटेत कुणी काही खाल्लं नव्हतं. लग्नाला जाताना वाटेत खाणं म्हणजे यजमानावर अविश्वास.

हिम्मतराव शेवटी उतरले. दाराशी क्षणभर थांबले. खांबावर लावलेल्या कागदाकडं त्यांनी चष्मा वर करून पाहिलं, चष्मा खाली केला, आणि आत आले. शिवराज पाया पडला. हिम्मतरावांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला. अकरा वर्षांत पहिल्यांदा. शिवराजला वाटलं, जमलं.

आत खुर्च्या नव्हत्या. गावच्या मंडळींनी ती उंच टेबलं पाहिली, ती कशासाठी असतील याचा थोडा विचार केला, आणि मग भिंतीच्या कडेनं गालिच्यावर सरळ ओळीत मांडी घालून बसली. बेचाळीस माणसं. वडीलधारी वर, मग बाप्ये, मग बाया, मांडीशी पोरं. बसल्याबरोबर कुणी न सांगता पंगत झाली. आणि ती पंगत शांतपणे वाट बघू लागली.

वेटर ट्रे घेऊन वाकले. मशरूम आलं. शनिवार होता, ते मांसासारखं दिसतं म्हणून परत गेलं. मटणाचा छोटा पाव वरच्या वर परत गेला. चीजला वास येतो म्हणाले. लुखमी, म्हणजे खिम्याचा चौकोनी समोसा, एकानं हातात घेतली, उलटीपालटी केली आणि ठेवून दिली. प्रत्येक जण हात जोडून तेच सांगत होता.

"नको भाऊ. जेवायचंय अजून."

पोरं रडकुंडीला आली तेव्हा आयांनी त्यांना दाबलं. "आता भात येलालाय, येतोच हाय. हेच खाऊन पोट भरू नको."

साडेसात वाजले, आठ वाजले, साडेआठ वाजून गेले. पडद्यापलीकडं दिलीपराव येऊन पोचले होते आणि गिलासात नाक घालून सारंगच्या मित्रांना काहीतरी समजावत होते. हसण्याचे आवाज येत होते. पडद्याअलीकडं बेचाळीस माणसं भिंतीला टेकून, पाय आखडून बसली होती. तालुक्याच्या दवाखान्यात अशीच बसतात.

गंगूवहिनी, हिम्मतरावांची बायको, पदर सावरत शिवराजजवळ आली. आवाज खाली आणून म्हणाली, "भावजी, पानं कवा मांडायची? पोरं कळवळून गेलीत. वाढायला माणसं कमी असली तर आम्ही बाया उठताव की."

शिवराज अपर्णाकडं धावला. तिला सगळं सांगितलं. तिनं टॅबवर बोट फिरवलं. "भातच हवा ना अंकल? कम्फर्ट कप्स आहेत. खिचडी."

खिचडी आली. चहाच्या टपरीवर असतो त्याच्या निम्म्या काचेच्या पेल्यात, वर कोथिंबिरीचं एक पान आणि लाकडाचा चिमुकला चमचा. प्रत्येकाला एक. ओळीतल्या पहिल्या म्हाताऱ्यानं तो पेला डोळ्यांना लावला, खिचडी तळहातावर घेतली, तोंडात टाकली आणि हात डोक्यावरून फिरवला. त्याचं बघून सगळ्यांनी तसंच केलं. प्रसाद झाला. आता जेवण.

हिम्मतरावांनी पेला हातात धरून ठेवला.

"शिवा, इकडं ये."

शिवराज समोर उकिडवा बसला.

"हे झाल्यावर काय हाय?"

खोटं बोलायची सगळी तयारी पडद्याची होती. भाताची नव्हती. शिवराज म्हणाला, "दादा, हेच हाय."

"हेच म्हणजे?"

"हेच जेवण. आता असंच असतंय. उभ्यानं खायचं, थोडं थोडं."

ओळीतली कुजबूज वरपासून खालपर्यंत सरकत गेली आणि शेवटच्या पोराशी जाऊन विझली.

"आणि पडद्याआड?"

"फोटोवाल्याचं सामान हाय."

हिम्मतरावांनी पेला गालिच्यावर ठेवला. त्यांचा आवाज चढला नाही, हेच वाईट होतं.

"दारातला कागद मी वाचून आलो. वल्द अंबाजी. दारू पाजायला परवानगी. वाचूनबी मी आत आलो, शिवा. ज्याची त्यानं प्यावी. पोरगी शिकली, तिच्या सासरचं चलन तसं असंल. मला काय करायचंय? मी जेवायला आलो होतो. तू भाताची सोय केला नाहीस, आणि पडदा बांधलास. पडद्याला कापड किती लागलं रे?"

शिवराजला उत्तर येत होतं. दहा बाय चाळीस. त्यानं ते दिलं नाही.

"अर्धा तास बसा दादा," तो म्हणाला. "अर्ध्या तासात पानं मांडतो. बाबांची शपथ."

ही शपथ घ्यायला नको होती, हे त्याला रस्त्यावर आल्यावर कळलं.

हॉलपासून थोड्या अंतरावर साधं जेवण देणारी एक खाणावळ होती. शिवराज रेशमी कुडत्यात, गळ्यात वधूपित्याचा हार, तसाच आत शिरला आणि म्हणाला, जेवढा भात आहे तेवढा द्या. वरण, सांबार, वांग्याची भाजी, जे असेल ते सगळं. मालकानं हाराकडं बघून काही विचारलं नाही. तीन मोठी पातेली रिक्षात चढली. एक पातेलं शिवराजच्या मांडीवर होतं; सांबार कुडत्यातून मांडीपर्यंत पोचलं, पण त्यानं झाकण सोडलं नाही.

फाटकाशी हॉलचा मॅनेजर उभा होता.

"क्या है साब ये?"

"भात. माझ्या पाहुण्यांसाठी."

"बाहर का खाना अंदर नक्को साब. रूल है."

"माझ्या मुलीचं लग्न आहे."

"हौ साब, मुबारक. मगर आपने दस्तखत किये ना."

मॅनेजरनं कागद दाखवला. खाली शिवराजची सही होती, वळणदार, तीस वर्षांत हजारो माणसांना अडवलेली. शिवराज भांडला, विनवण्या केल्या, शेवटी आवाज चढवून आपण सरकारी खात्यातून निवृत्त झालो आहोत असंही सांगितलं. कशाचा उपयोग झाला नाही. मॅनेजर वाईट माणूस नव्हता. तो कागदाचा माणूस होता, आणि कागदाच्या माणसाला वितळवता येत नाही हे शिवराजइतकं कुणालाच माहीत नव्हतं. त्यानं अपर्णाला फोन केला. ती टोस्टच्या, म्हणजे गिलास उंचावून शुभेच्छा द्यायच्या, तयारीत होती. तेजश्रीला केला, तिनं उचलला नाही. पंचवीस मिनिटं गेली. मग प्रमोद धापा टाकत बाहेर आले आणि म्हणाले, "बिरादार, तुमचे लोक मागच्या फाटकानं गेले. गाड्या तिकडंच लावल्या होत्या. दहा मिनिटं झाली."

"काही बोलले?"

"कोणी काही बोललं नाही. चपला शोधल्या आणि गेले. मी म्हटलं, थोडी वाइन तरी..." शिवराजची नजर पाहून ते थांबले.

रिक्षावाल्यानं विचारलं, आता पातेली कुठं उतरवू? खाणावळीची भांडी तरी परत द्यावीत म्हणून शिवराज म्हणाला, "आणलीस तिथंच ने."

खाणावळीसमोर चार क्रूझर उभ्या होत्या.

आत बेचाळीस माणसं बाकांवर दाटीवाटीनं बसली होती आणि मालक त्यांना हात जोडून सांगत होता की भात संपला, वरण संपलं, सगळं संपलं. आत्ताच एक हारवाले साहेब भांड्यांसकट घेऊन गेले. तेवढ्यात हारवाले साहेब दारात आले. मांडीवर पातेलं नव्हतं, पण सांबाराचा डाग होता.

कुणी हसलं नाही. हसायला पोटात काहीतरी लागतं.

मालकाला आनंद झाला. "आला भात, आला," म्हणून त्यानं केळीची पानं टाकायला घेतली. हिम्मतराव उठून गल्ल्याशी गेले.

"ह्या भाताचे पैसे कुणी दिले?"

मालकानं शिवराजकडं बोट केलं.

"त्याचे त्याला परत करा. माझ्याकडून घ्या."

"दादा," शिवराज म्हणाला, "आज तरी."

"तुझं जेवण तिकडं हॉलात होतं. ते मी बघितलो. हे माझं हाय."

मालक गोंधळला, पण त्यानं शिवराजच्या नोटा परत आणून त्याच्या हातात कोंबल्या आणि हिम्मतरावांच्या धोतराच्या कनवटीतून निघालेल्या घेतल्या. पाऊण तासात एकच भात दोनदा विकला गेला होता. पानं पडली, वाफा निघाल्या, पोरं दोन्ही हातांनी खायला लागली. शिवराज दाराशी उभा राहिला. सकाळपासून त्याच्या पोटात काही नव्हतं. मुलीचा बाप म्हणून उपास धरला नव्हता, घाईत राहून गेलं होतं.

"बस," हिम्मतराव म्हणाले.

तो बसला. भावानं स्वतःच्या हातानं त्याच्या पानात भात वाढला, वर वरण ओतलं. दोघं शेजारी शेजारी जेवू लागले. मग शिवराज पानातून मान वर न करता म्हणाला, "मी दिली नसती तरी बाबा गेलेच असते."

"ठाऊक हाय. डॉक्टरनं मला तुझ्या आधी सांगितला होता."

शिवराजचा हात थांबला. "मग? अकरा वर्षं?"

हिम्मतरावांनी एक घास खाल्ला. तो नीट गिळला.

"बावीस वर्षं त्यांना गटारातून उचलून आणला मी. शेवटचं मागायची वेळ आली, तवा तुला मागितले. मी तिथंच बाजेच्या पायथ्याशी बसलो होतो. माझ्याकडं बघितले, आणि तुला हाक मारले."

खाणावळीत पोरांच्या भुरक्यांचा आवाज चालला होता. शिवराजनं विचारलं, "मग आता तरी, दादा, घरी पाणी..."

"आता सवय झाली शिवा," हिम्मतराव म्हणाले. रागानं नाही. गुडघा दुखतो हे सांगावं तसं. "आता पिलो तरी गोड लागायचं नाही."

शिवराजच्या खिशात फोन वाजला. तेजश्री होती. मागं गिलासांची किणकिण आणि दिलीपरावांचा माइकवरचा आवाज.

"पप्पा, कुठं आहात? टोस्टला सगळे थांबलेत. तुमच्याशिवाय कसं करायचं? काय करताय तुम्ही?"

हिम्मतरावांनी, न विचारता, आणखी एक डाव भात त्याच्या पानात टाकला.

"जेवलालो," शिवराज म्हणाला.